माळ्यावरचा पीएस टू उतरवलाय, आता लावायचं काय?

घरातला जुना पीएस टू, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २, परत जोडायचाय, किंवा नागपुरात बर्डीवर कोणाकडून वापरलेला उचलायचाय, आणि घोडं अडलंय ते एवढ्यावरच की आज त्यावर खेळण्यालायक काय उरलंय? मग पुढचं वाचा. माझ्याकडे सध्या चार गेम आळीपाळीनं चालू आहेत: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’, ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’, ‘जीटीए सॅन अँड्रियास’ आणि जोडीला कोणी असलं की कुस्तीचा ‘स्मॅकडाउन: हिअर कम्स द पेन’. चारही २००३ ते २००५ या काळातले. त्या वयात हे गेम आपण कसे खेळलो, याच्या आठवणी काढायला हा लेख नाही. आज, नोकरी-घर सांभाळून, रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास मिळतो, त्यात यातलं काय टिकतं, एवढंच बघायचंय.

निकाल आधीच सांगून टाकतो. एकच गेम पुरा करण्याइतका वेळ असेल तर सँड्स ऑफ टाइम लावा, आणि जुन्याच मशीनवर लावा. चौघांत थोर कोणता म्हणाल तर शॅडो ऑफ द कोलॉसस, पण तो पीएस टूवर खेळू नका. सॅन अँड्रियासची नवी आवृत्ती मिळते, तरी मी जुनीच लावतो. तुम्ही तसंच करावं असं मात्र म्हणणार नाही, कारण ते तुमच्याकडे किती रात्री मोकळ्या आहेत त्यावर आहे. आणि हिअर कम्स द पेनला पर्यायच नाही. तो पीएस टूवर आला आणि तिथंच राहिला.

थोडक्यात, कोणता गेम आणि कोणत्या मशीनवर, हे दोन प्रश्न सुटे करता येत नाहीत. जुन्या गेमच्या याद्या करणारे दुसरा प्रश्न सोडून देतात. मग माणूस नावाजलेला गेम लावतो, अर्ध्या तासात वैतागतो आणि ‘लोक उगाच डोक्यावर घेतात’ म्हणत रिमोट ठेवून देतो.

आधी टीव्हीचं बोलू, कारण निम्मी निराशा तिथूनच येते. पीएस टू बहुतेक गेममध्ये चित्र ओळीआड पाठवतो: एका फेरीत विषम ओळी, पुढच्या फेरीत सम. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही याच कामासाठी घडलेला होता. एलईडी टीव्हीला त्या दोन फेऱ्या जोडाव्या लागतात, मग ते लहान चित्र मोठ्या पडद्याभर ताणावं लागतं, आणि एवढ्या उठाठेवीत वेळ जातो. तुम्ही उडीचं बटण दाबता आणि प्रिन्स क्षणभरानं उडी मारतो. हा दोष गेमचा नाही, पण शिव्या गेमला बसतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. पिवळ्या पिनेची साधी वायर बदलून लाल-हिरव्या-निळ्या पिनांची कॉम्पोनंट वायर लावली तर चित्र चांगलंच सुधारतं. एचडीएमआयचा छोटा डोंगल लावणार असाल तर पीएस टूच्या स्वतःच्या मेनूत जाऊन कॉम्पोनंट आउटचा पर्याय आरजीबीवरून वाय-सीबी-सीआरवर न्यायला विसरू नका, नाहीतर रंग भलतेच दिसतात. आणि महाल-इतवारीकडच्या कोणा नातेवाइकाच्या जुन्या घरात पिक्चर ट्यूबचा टीव्ही धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याआधी तुम्ही पोहोचा.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की दुपारी खेळायचं ते कूलर लावूनच. मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका. ती दमट हवा आणि पाण्याचे क्षार आतल्या पट्टीला मानवत नाहीत. कोंदट टीव्ही कॅबिनेटमध्येही नको. भिंतीपासून वीतभर पुढे, मागच्या जाळीतली धूळ काढून, एवढं पुरे. पण कूलरचा खरा त्रास वेगळाच आहे: त्याच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत. हे क्षुल्लक वाटेल, पण कोणता गेम कोणत्या ऋतूत लावायचा हे माझ्या घरी यावरच ठरतं.

आता मुख्य जोडी. सँड्स ऑफ टाइम आणि शॅडो ऑफ द कोलॉसस. दोन्हींत एक तरुण, एक बाई, एक मोडकळलेली भव्य जागा आणि भरपूर चढाउतरी. दोन्ही साधारण सारख्याच लांबीचे, आठ-दहा तासांत संपणारे. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दिसले तर एकाच जातीचे वाटतील. हातात घेतल्यावर मात्र ते उलट टोकाचे निघतात.

सँड्स ऑफ टाइम २००३ चा, युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओचा. सुरुवातच एका भारतीय महाराजांच्या महालावरच्या हल्ल्यानं होते, आणि पुढे साथ देणारी फराह ही त्याच महाराजांची मुलगी. प्रिन्स तिथून एक खंजीर लुटतो, त्या खंजिरानं वाळूचं भलं मोठं घड्याळ उघडतो, आणि सगळा राजवाडा वाळूच्या भुतांनी भरून जातो. त्या खंजिराची करामत अशी की बटण दाबून धरलं की गेलेले काही क्षण मागे फिरतात. उडी हुकली, खाली काट्यांवर पडलात, मेलात? बटण दाबा, प्रिन्स हवेतून उलटा वर येतो, पुन्हा कठड्यावर उभा. खंजिरातली वाळू संपेपर्यंतच हे चालतं आणि ती भरायची तर शत्रू मारून त्यांच्यातली वाळू शोषून घ्यावी लागते.

या एका कल्पनेमुळे गेम म्हातारा झालेला नाही. त्या काळातल्या बहुतेक गेममध्ये एक चूक म्हणजे पाच मिनिटं मागं जाणं. इथं एक चूक म्हणजे दोन सेकंद. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला हा फरक कळतो. शिवाय अख्खी गोष्ट प्रिन्स स्वतः सांगतोय, त्यामुळे तुम्ही खरंच मेलात तर तोच म्हणतो, छे, असं झालं नव्हतं, आणि गोष्ट परत धरतो. हरणंसुद्धा कथेत बसवून टाकलंय. आजच्या महागड्या गेमांनाही हे इतकं सफाईनं जमत नाही.

भिंतीवरून धावणं, खांबावरून खांबावर झेपावणं, आडव्या दांड्यावर झोके घेणं, हे सगळं अजून हाताला गोड लागतं. प्रत्येक दालन हे एक कोडं असतं: कुठून चढायचं, कोणती कळ दाबायची. उत्तर दिसलं की अंग आपोआप पुढे सरकतं. सेव्ह करायच्या जागी, वाळूच्या खांबात, पुढे काय होणार याची झलक दिसते. काही जण ती बघत नाहीत, मी बघतो, कारण रात्री साडेअकराला डोकं फार चालत नाही.

दोष? मारामारी. शत्रू घोळक्यानं येतात, एकाला पाडून खंजिरानं संपवेपर्यंत दुसरा मागून हाणतो, आणि एकदा युक्ती सापडली की तीच ती परत परत करायची. काही लढाया विनाकारण लांबवल्यात. शेवटाकडे लिफ्टमधली एक लढाई आहे, जागा अरुंद, कॅमेरा भिंतीला चिकटलेला, फराहला पण वाचवायचंय. तिथं बरेच जण गेम सोडून देतात. सोडू नका, तिच्यापुढचा भाग सगळ्यांत चांगला आहे. आणि राजवाड्यात लपलेले पाण्याचे झरे शोधून प्यायलात तर प्रिन्सचं आयुष्य वाढतं, मग ती लिफ्ट तितकी जाचत नाही.

याची नवी आवृत्ती कुठाय, असं कोणी विचारेल. २०२० मध्ये घोषणा झाली होती, आणि काम चक्क युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. आपल्याकडच्या गेमवाल्यांमध्ये केवढा आनंद झाला होता तेव्हा. पहिली झलक लोकांना आवडली नाही, तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं. त्या बातमीनं मला वाईट वाटलं ते वाटलंच. पण खेळणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर या गेमला नव्या रंगाची फारशी गरजही नाही. तो महाल मुळातच धुक्यात, संध्याकाळच्या पिवळट उजेडात रंगवलेला आहे. कमी ओळींचं चित्र त्याला शोभून दिसतं.

शॅडो ऑफ द कोलॉससचं तसं नाही. २००५ चा गेम, फुमितो उएडा यांचा. एक तरुण, वाँडर, मेलेल्या मुलीला घोड्यावर घालून एका निर्मनुष्य प्रदेशात येतो. तिला परत आणायचं तर सोळा अजस्र प्राणी मारायचे. बस्स. मध्ये दुसरे शत्रू नाहीत, गाव नाही, दुकान नाही, पैसे नाहीत. तलवार उन्हात धरायची, प्रकाशाची तिरीप जिकडे एकवटेल तिकडे घोडा हाकायचा. प्राणी सापडला की त्याच्या अंगावरच्या केसांना धरून चढायचं आणि मर्मावर वार करायचे. तो अंग झटकतो, तुम्ही लोंबकळता, पकडीची ताकद हळूहळू संपत जाते.

माझा भाचा थोडा वेळ शेजारी बसला आणि म्हणाला, “मामा, काही होऊनच नाही राहिलं यात. नुसता घोडाच पळवून राहिला तुम्ही.” बरोबर बोलला तो. गेमचा मोठा भाग हा रिकाम्या माळरानावरचा प्रवास आहे, आणि ज्याला तो रिकामा वाटतो त्याच्यासाठी हा गेम नाही. मला तोच प्रवास आवडतो. घोडीचं नाव आग्रो, आणि तिला स्वतःचं मत आहे; लगाम ओढला म्हणून लगेच वळत नाही, पण कड्याच्या कडेला आपण होऊन सावरते. दर प्राण्यामागे मनात अपराधीपणा साचत जातो, कारण त्यातल्या कित्येकांनी तुम्हाला काहीच केलेलं नसतं. तेरावा, वाळवंटावर संथ तरंगणारा, तर हल्लाही करत नाही. तो कोसळला तेव्हा मी जिंकलो असं एकदाही वाटलं नाही.

मग पीएस टूवर का नको? कारण हा गेम त्या मशीनच्या ताकदीबाहेरचा आहे. मोठा प्राणी जवळ आला, धूळ उडाली, की चित्राची गती इतकी पडते की सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटतं. तेव्हा ट्यूबच्या लहान टीव्हीवर हे खपून गेलं. आज एलईडीच्या उशिराची त्यात भर पडली की पकड सुटणं कोणाच्या चुकीनं झालं हेच कळत नाही. वर मूळ गेममध्ये पकड धरायला आर-वन बटण दाबून ठेवावं लागतं, मिनिटामिनिटाला. रिमोट जुना असेल तर बोट दुखून येतं.

२०१८ मध्ये ब्लूपॉइंट या स्टुडिओनं पीएस फोरसाठी हा गेम मुळापासून परत रंगवला. प्राणी तेच, त्यांची चाल तीच, नकाशा तोच. फक्त चित्र आणि नियंत्रण नवं. पीएस फोर प्रोवर गतीला प्राधान्य देणारा मोड आहे, त्यात हालचाल लोण्यासारखी होते, आणि डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस फाइव्हवर तीच डिस्क चालते. कट्टर लोक म्हणतात की मूळचा तो फिकट, धुरकट, अतिउजेडाचा रंग गेला आणि वाँडरचा चेहरा बदलला. ते खोटं नाही. पण मूळ धुरकटपणासाठी मी ती रखडती गती सोसणार नाही. घरी पीएस फोर किंवा फाइव्ह असेल तर प्रश्नच मिटला. फक्त पीएस टूच असेल तर हा गेम थांबवून ठेवा. अर्धवट अनुभव घेऊन त्याच्यावर फुली मारण्यापेक्षा ते बरं.

ऋतूचं सांगतो. कोलॉससमधली माणसं गेमसाठी रचलेल्या भाषेत बोलतात, सगळे खालच्या ओळीच वाचतात, त्यामुळे कूलर घरघरला तरी कथा सुटत नाही. पण को ओतानी यांचं संगीत सुटतं, आणि ते सुटलं तर काय राहिलं? प्राणी अंगावर घेतल्यावर वाद्यमेळ जो बदलतो, तिथं अंगावर काटा येतो. हा डिसेंबर-जानेवारीतला गेम आहे, पंखाही बंद असताना, रात्री. प्रिन्सच्या आणि फराहच्या टोमणेबाजीलाही शांतता लागतेच, पण त्यातलं एखादं वाक्य हुकलं तरी चालून जातं. उन्हाळ्यात प्रिन्स, थंडीत कोलॉसस, असं माझं सरळ आहे.

सॅन अँड्रियासचा ऋतू म्हणजे सुट्टी. हा गेम २००४ चा, गोष्ट १९९२ मधली, तीन शहरं, मध्ये वाळवंट, डोंगर, खेडी. यातला कार्ल जॉन्सन खातो तसा सुटतो, व्यायाम केला तर पिळदार होतो, पोहतो, सायकल चालवता चालवता त्यात तरबेज होतो. एवढं सगळं पीएस टूच्या एका डिस्कमध्ये कोंबलं, याचं आजही नवल वाटतं. धरमपेठेतल्या गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळणाऱ्या पोरांपैकी मिशनं फारच थोडी करायची. बाकीचे वहीत उतरवलेले कोड मारून रणगाडा बोलवायचे. डावीकडे, खाली, उजवीकडे, वर, आणि परत तेच, हे शेवटचे आठ ठोके अजून अंगठ्यात आहेत. पहिल्यांदा आर-वन, आर-टू, एल-वन, एक्स मारलं की पैसे आणि आरोग्य. तुमच्याही हातात असतील बघा.

पण पार्लरमध्ये कोड मारून फिरणं वेगळं आणि घरी गेम संपवायला बसणं वेगळं. मुख्य गोष्टच तीस तासांच्या आसपास आहे. मिशन फसलं की पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे शहराच्या त्या टोकाला गाडी चालवत जाऊन. सेव्ह फक्त ठरावीक घरांत. ट्रेनच्या बाजूनं मोटारसायकल पळवत मागे बसलेल्या साथीदाराला, बिग स्मोकला, नेम धरायला लावायचं ते मिशन ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिथं अर्धी रात्र जाऊ शकते. विमान उडवायची शाळा पास झाल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, आणि ती शाळा पीएस टूच्या रिमोटवर धीर बघते. सँड्स ऑफ टाइमशी तुलना इथं टोचते. तो गेम तुमचे दोन सेकंद परत देतो. हा तुमची वीस मिनिटं घेतो आणि वर पोलीस मागे लावतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये याची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. मिशनच्या मधल्या टप्प्यापासून परत सुरू करायची सोय तिच्यात आहे, आणि ही एकच गोष्ट वेळ नसलेल्या माणसासाठी लाखमोलाची. बाकी त्या आवृत्तीचं तेव्हा जे हसं झालं ते योग्यच होतं. पावसाच्या पांढऱ्या रेघांपुढे रस्ता दिसेना, चेहरे मेणाचे, आणि ‘टफ नट’ नावाच्या एका डोनटच्या दुकानावर नटबोल्टमधला षटकोनी नट होता, तो चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात गोल होऊन बसला. दुकानाच्या नावातला विनोदच मेला. गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला माफी मागावी लागली. पुढे नोव्हेंबर २०२४ मधल्या अपडेटनं जुन्या धर्तीचा उजेड परत आणला आणि आता ती पुष्कळ सुसह्य आहे. तरी मला जुनीच आवडते, ती गेममधल्या लॉस सँटोस शहराच्या नारिंगी, धुरकट हवेसाठी. जुन्या मशीनला लांबचं दिसत नाही म्हणून ते धुकं घातलेलं. त्यामुळेच तो नकाशा आहे त्याहून प्रचंड वाटतो. नव्या आवृत्तीत धुकं काढलं आणि डोंगरावरून तिन्ही शहरं एकदम दिसू लागली, तेव्हा कळलं की जागा केवढीशी होती.

तेव्हा असं करा. सुट्ट्या आहेत, घाई नाही, तर पीएस टू. रोजचा एकच तास आहे तर नवी आवृत्ती, सवलतीत मिळेल तेव्हा. आणि घरात लहान मुलं असतील तर दोन्ही नको. हा गेम मोठ्यांसाठीच आहे, शिव्या ऐकून तो अंदाज दोन मिनिटांत येतो.

एकट्यानं खेळायचं एवढं पुरे. पीएस टू जोडण्यामागे खरं कारण बहुतेकदा दुसरा रिमोट असतो. दिवाळीत किंवा मारबतीच्या सुट्टीला चुलत-मावस गोळा झाले की प्रिन्सला कोण विचारतो?

इथं सामना आहे हिअर कम्स द पेन आणि एकास एक मारामारीचा टेकन ५ यांच्यात. पहिला २००३ चा, जपानच्या युक्स कंपनीनं बनवलेला. ब्रॉक लेस्नर कव्हरवर, आत रॉक, अंडरटेकर, स्टोन कोल्ड, गोल्डबर्ग, रे मिस्टेरिओ. त्यानंतर कुस्तीचे कितीतरी गेम आले, दिसायला याच्याहून देखणे, पण हाताला इतका चटपटीत एकही नाही असं माझं ठाम मत आहे. पकड घ्यायची, दिशा दाबायची, डाव पडतो. कोणाचं डोकं, कोणाचा पाय किती दुखावला हे पडद्यावर दिसत राहतं, म्हणून एकाच पायावर डाव टाकत राहण्यात अर्थ असतो. नवख्याला पाच मिनिटांत जमतं आणि त्याच नवख्यानं खुर्ची उचलून मागून हाणली की खोलीत दंगा होतो. पहिलवानांच्या नावांचे, गाण्यांचे हक्क असे गुंतलेले असतात की असा गेम परत बाजारात येणं अवघडच. म्हणून मूळ डिस्क मिळाली तर घासाघीस करत बसू नका.

टेकन ५ जास्त नेटका गेम आहे. हालचाल अजूनही सुरेख, चित्र पीएस टूच्या मानानं थक्क करणारं, आणि त्यातच पहिल्या तिन्ही टेकनच्या आर्केड आवृत्त्या घातलेल्या आहेत. ज्यांचं बालपण टेकन ३ मध्ये गेलं त्यांच्यासाठी ही एकच डिस्क पुरते. अडचण एवढीच की ज्याला टेकन येतो तो ज्याला येत नाही त्याला उभाही राहू देत नाही. एडी नावाचा लढवय्या घेऊन नुसती बटणं बडवणारा एक भाऊ प्रत्येक घरात असतोच, तो सोडला तर सामने एकतर्फी होतात. सगळे सारखेच कच्चे किंवा सारखेच पक्के असतील तर टेकन. जमाव मिश्र असेल, वहिनीही खेळणार असेल, तर कुस्ती.

बाकीच्यांवर भराभर. ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ (२००५) पोलिसांच्या पाठलागासाठी अजूनही खेळावा, पण पीएस टूवर गर्दीत अडखळतो, कोणाकडे जुना एक्सबॉक्स ३६० असेल तर त्यावरची डिस्क शोधा. ‘गॉड ऑफ वॉर २’ (२००७) म्हणजे मशीनचा शेवटचा थेंब पिळून काढलेला गेम. दिमाख आजही दिपवतो, पण तीच ती कापाकापी आणि पडद्यावर दिसेल ते बटण चटकन दाबा, याचा मला कंटाळा येतो. ‘क्रिकेट ०७’ आठवणीत फार गोड आहे. उजव्या स्टिकनं फटके मारायची कल्पना तेव्हा नवी होती. आज दोन षटकांनंतर लक्षात येतं की तोच एक फटका सगळीकडे चालतोय. नका लावू, आठवण राहू द्या. हैदराबादेत तयार झालेला ‘देसी अड्डा’ (२००९) कुठे दिसला तर मात्र गंमत म्हणून घ्या. कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असे आपले खेळ पीएस टूवर. गेम म्हणून यथातथाच, पण संक्रांतीला पोरांपुढे लावायला मजा.

मशीनच नसेल आणि हे सगळं छोट्या चिनी हँडहेल्डवर खेळायचा विचार असेल, तर स्वस्तातली हँडहेल्ड पीएस वनपर्यंत छान चालतात, पीएस टूला धापा टाकतात. जाहिरातीतल्या हजारो गेमच्या आकड्यावर जाऊ नका; त्यात निम्मे तेच ते, आणि ते असे भरून विकणं कायद्यात बसत नाही हेही आहेच. कॉम्प्युटरवर पीसीएसएक्स टू हा पीएस टूची नक्कल करणारा प्रोग्रॅम चांगला चालतो, चित्र मूळ मशीनपेक्षा स्वच्छ देतो, पण त्यासाठी तुमच्या स्वतःच्या पीएस टूचं बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, लागतं. म्हणजे मशीन घ्यायचंच.

ते घेणं अजून सोपं आहे. मार्च २००० ते जानेवारी २०१३ पर्यंत पीएस टू बनत राहिला, जगभर १५ कोटींहून जास्त खपला, त्यामुळे सुटे भाग आणि जुने रिमोट अजून हाताला लागतात. बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये किंवा कोणा ओळखीच्याकडे घ्यायला जाल तेव्हा नुसता लाल दिवा हिरवा झाला म्हणून पैसे देऊ नका. दोन डिस्क खिशात टाकून न्या: एक निळसर तळाची, म्हणजे सीडीवाली, आणि एक चंदेरी तळाची डीव्हीडी. दमलेली लेझर कधी एक वाचते आणि दुसरी नाही. चंदेरीत गॉड ऑफ वॉर २ न्या, कारण ती दुहेरी थराची डिस्क आहे. ती न अडखळता वाचली तर बाकीच्यांची काळजी नको. गेम सुरू झाल्यावर दहा मिनिटं तरी चालू द्या, दुकानदार घाई करेल, करू द्या. नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप लावलेलं मशीन असेल आणि सोबत घरी लिहिलेल्या डिस्कचा गठ्ठा फुकट देत असेल, तर त्या गठ्ठ्यासाठी एक रुपयाही वाढवू नका.

मेमरी कार्ड सोनीचं मूळ ८ एमबीचंच बघा. नकली कार्डावर आकडा मोठा छापलेला असतो आणि सॅन अँड्रियासमध्ये पंचवीस तास झाल्यावर एक दिवस सेव्ह उघडत नाही. दोन रिमोट घ्या, दोन्हींच्या स्टिका सोडल्यावर मध्ये येतात का ते सॅन अँड्रियासच्या रस्त्यावर कार्लला नुसतं उभं करून बघा. तो आपोआप चालायला लागला तर तो रिमोट परत करा. पैसे उरले तर आधी कॉम्पोनंट वायर, मग सँड्स ऑफ टाइमची डिस्क, आणि कुस्तीची मिळेल तेव्हा.